मशीनीतल्या अक्षता

१५ ऑगस्ट १९८२, मुरुड

आजपासून आमचा जिल्हा लातूर. काल झोपलो तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होतो, सकाळी त्याच बाजेवर लातूर जिल्ह्यात जागा झालो. चौकात फटाके वाजले. आमच्या तेलाच्या गिरणीत मालकांनी पेढे वाटले. मी या गिरणीत कारकून. पत्रं टाईप करणं हे माझं काम, आणि सगळ्या मुरुडात बोटांकडं न बघता टाईप करणारा माणूस मी एकटाच. हे इथं लिहायला हरकत नाही, ही डायरी कुणी वाचत नाही.

मी मालकांना म्हणलं, आता लातुरात कचेऱ्यांवर कचेऱ्या होतील. कचेरी म्हणलं की साहेब, साहेब म्हणलं की पत्रं, पत्रं म्हणलं की टायपिस्ट. एवढे टायपिस्ट येणार कुठून? पुण्याची माणसं आपल्या उन्हात आठवडाभर टिकायची नाहीत. आपल्याच पोरांना शिकवलं पाहिजे. मालक आभाळाकडं बघत म्हणाले, "शेषेराव, पाऊस कुठून येणार तेवढं सांगा आधी."

घरी येऊन बायकोला, सिंधूला, हेच सांगितलं. ती म्हणाली, "जिल्हा झाल्यावर आडाला पाणी येतं व्हय?" तिचं माहेर नांदेडकडचं नायगाव. बोलणं थोडं, पण बोलली की चिमटा बसतो. तिला मोठ्या गोष्टींत गम्य नाही, त्यामुळं घरातले निर्णय मलाच घ्यावे लागतात.

१९ सप्टेंबर

पावसानं दगा दिला तो दिलाच. भुईमूग फुलावरच जळाला. शेंगा नाहीत तर गिरणी कशावर चालणार? आज कुलूप लागलं. मालक भला माणूस, पण त्यांच्याकडं द्यायला काही उरलं नव्हतं. राहिलेल्या पगाराच्या बदल्यात ऑफिसातल्या दोन्ही टायपिंगच्या मशीनी घेऊन जा म्हणाले. मला भरून आलं.

हातगाड्यावरून मशीनी आणल्या. सिंधूनं दोन्हींच्या भोवती फिरून बघितलं. "दळायची न्हाई, कांडायची न्हाई, शिवायची न्हाई. मग ही करती तरी काय?" मी म्हणलं, ही नोकऱ्या करती. तिनं पदरानं वरची धूळ पुसली आणि आत जाऊन भाकरी थापायला बसली.

२६ ऑक्टोबर, खंडेनवमी

आज मुहूर्त केला. ओसरीवर दोन टेबलं, दोन मशीनी, दारावर पाटी: नूतन जिल्हा टंकलेखन वर्ग. शेजारच्या धुरपतामावशी हळदकुंकू आणि अक्षता घेऊन आल्या. आज हत्याराची पूजा, मग मशीन काय हत्यार नाही का, असं त्यांचं म्हणणं. मी मशीनीवर कापडी झाकण घातलं आणि पूजा झाकणाचीच करा म्हणलं. मावशी फुगल्या. "देवाला गोधडी पांघरून कुणी पूजा करतं का रे?" पण मी ऐकलं नाही. मशीनीच्या पोटात बारीक काड्या असतात, एक दाणा अडकला तरी सगळा खेळ बंद.

१० नोव्हेंबर

रामकिशनचा व्यंकटी सोडला तर कुणी आलेलं नाही. व्यंकटीला दिवाळीच्या आत शिकून पाहिजे. मी म्हणलं, बाबा, बैलाला शेतात चालायला शिकवायचं तरी हंगाम जातो. तो म्हणाला, बैल तर विकायला काढलेत.

१८ नोव्हेंबर

आज एक पोरगी आली. पंचशीला. भीमनगरातली, मॅट्रिक पास. सध्या आईबरोबर रोजगार हमीच्या सडकेवर खडी फोडायला जाते. सोबत आई, भामाबाई. पोरगी गप्प उभी, बोलणं सगळं आईचं. "शिकवा माझ्या लेकीला. पर तुम्ही पुरुषमाणूस. इथं बाईमाणूस बसलं पायजे. न्हाईतर मी नाही धाडणार." मी विचारात पडलो. तेवढ्यात सिंधू आतून सूप घेऊन बाहेर आली, भिंतीला टेकून बसली आणि मूग निवडायला लागली. भामाबाईंनी तिच्याकडं एकदा बघितलं आणि मान हलवून हाव म्हणाल्या.

पोरीनं जाताना पाणी मागितलं, दोन्ही हातांची ओंजळ करून. सिंधू तांब्या-पेला घेऊन आली आणि पेला तिच्या हातात दिला. मी बघतच राहिलो. आमच्या घरात हे याआधी झालेलं नाही. पलीकडून धुरपतामावशींनीही बघितलं.

२१ नोव्हेंबर

काल धुरपतामावशी बोलायला आल्या. दुष्काळात माणसाची बुद्धीही आटते म्हणाल्या, आणि आमच्या माठाचं पाणी घेणार नाही असं सांगून गेल्या. पाठोपाठ रामकिशन. पोरगी ज्या मशीनीवर बसते तिच्यावर माझा पोरगा बसणार नाही.

मी खरं ते लिहितो. मला वाटलं, दोन मशीनी आहेत, एक तिची, एक त्याची, कशाला वाद? असं मी म्हणायला तोंड उघडलं, तर सिंधू सुपातून मान वर न करता म्हणाली, "व्यंकटीला घरनं मशीन आणाय सांगा की. आमच्या दोन्ही सगळ्यांच्या हायत." रामकिशन निघून गेला. मला वाटलं, आता संपलं. आज व्यंकटी मात्र वेळेवर हजर, आणि पंचशीलाच्याच मशीनीवर बसला, कारण दुसरीची ओळ संपल्याची घंटी वाजत नाही.

१६ डिसेंबर

वर्गाची रीत बसली आहे. मी खुर्चीत बसून ओळ सांगतो, पोरं ती मशीनीवर मारतात. ओळी मी स्वतः रचतो: "मुरुड येथील आड आटला असून टँकर मंजूर व्हावा." व्यंकटी "आड" मारेपर्यंत पंचशीलाचा टँकर मंजूर झालेला असतो. खडी फोडून तिची बोटं जाड झालीत, चिंध्या बांधून येते. म्हणाली, "सर, घणापेक्षा हे सोपं हाय. इथं दगड उडून डोळ्यात जात न्हाई." असं बोलते आणि हसते. मला ही पोरगी लेकीसारखी वाटायला लागली आहे. आमची एकुलती एक लेक औशाला दिलेली, तिचीही अशीच खोड.

सिंधूला एक वाईट सवय लागली. मी ओळ सांगितली की सुपावर बोटं वाजवत बसते. मी दोनदा सांगितलं, रिकामं सूप वाजवू नये, घरात भांडणं होतात असं आमची आई म्हणायची. ती म्हणाली, "रिकामं कुठंय, मूग हायत की." पण निवडायला मूग तेच, कालचेच. दुष्काळात नवे मूग आणणार कुठून.

९ फेब्रुवारी १९८३

मशीनीतल्या शाईच्या रिबिनी लवकर वाळून राहिल्या. नवी रिबीन महिनाभर पुरायला पाहिजे, ती पंधरवड्यातच फिकी. दोघं विद्यार्थी एवढं मारत नाहीत. मी रोज दुपारी टँकरच्या नंबरात घागरी धरून उभा असतो, तेव्हा कुणी येऊन मशीन वापरतं काय? सिंधूला विचारलं. ती म्हणाली, "उंदरं असतील." मी म्हणलं, उंदीर काय टाईप करतो काय? "खायला दाणा न्हाई गावात. नोकरी बघून राहिले असतील." हसू आलं, पण प्रश्न सुटला नाही. आज मशीनीखाली पिंजरा लावला.

२ मार्च

लातूरला जाऊन आलो. नव्या कचेरीत अजून कपाटं नाहीत, फायली फरशीवर, पण साहेब भला. म्हणाले, वर्गाला मान्यता पाहिजे तर जूनच्या परीक्षेला निदान दोघं बसवा, आणि त्यातलं एक तरी पास करून दाखवा. मी म्हणलं, दोघंही पास होतील. येताना एस.टी.त सगळ्या रस्त्याला चारा छावणीकडं निघालेली जनावरं. बरगड्या मोजाव्यात अशी. बघवत नव्हतं.

२० मार्च

मेव्हण्याचं पत्र आलं, सिंधूच्या भावाचं. पुण्यात त्याच्या शेठच्या गोदामावर कारकुनाची जागा आहे. राहायला त्याच्याच घरातली एक खोली. दुष्काळात तिथं कशाला कुजताय, असं लिहिलंय.

सिंधूला वाचून दाखवलं. दिवसभर गप्प. भावाच्या आठवणीनं जीव तुटत असेल बिचारीचा. नळाला दोन वेळ पाणी, असंही पत्रात आहे. दुपारचा नंबर मी धरतो, पण सकाळची घागर तिच्याच डोक्यावर असते, मी रोज बघतो. कधी तोंडानं मागणार नाही ती, पण मला कळतं. मी ठरवलं. जूनची परीक्षा झाली की पुणे. नांदेडचे व्यापारी आप्पासाहेब जुन्या मशीनी घेतात, त्यांना निरोप धाडला की परीक्षा झाल्यावर मशीनी न्याव्यात. हे सांगितल्यावर सिंधू म्हणाली, "ठरवलं का तुम्ही?" मी हाव म्हणलं. ती चुलीपाशी जाऊन बसली. आनंदानं कधी कधी माणसाला बोलवत नाही.

१४ एप्रिल, जयंती

भीमनगरात आज जयंती. भामाबाईंनी आग्रहानं बोलावलं म्हणून आम्ही दोघं गेलो. निळ्या पताका, पाण्याची टंचाई असूनही सगळ्यांना सरबत. पंचशीलानं भाषण केलं, पाठ केलेलं नाही, मनातलं. म्हणाली, आमच्या वस्तीत कचेरीचं पत्र आलं की वाचायला माणूस शोधावा लागायचा, आता पत्र लिहिणारं माणूस आमच्यात होणार. मला अभिमान वाटला आणि लगेच पुण्याची आठवण झाली.

२२ एप्रिल

व्यंकटी गेला. बापाबरोबर जनावरं घेऊन छावणीवर राहणार. परीक्षेचा फॉर्म भरायची मुदत जवळ आली आणि उमेदवार एकच. एकटीला घेणार नाहीत. मी डोकं धरून बसलो. पंचशीलाला काय सांगू? खडी फोडून फोडून ती पोरगी रोज आली.

सिंधू म्हणाली, "माझं नाव टाका."

मी म्हणलं, बाई, ही चेष्टेची वेळ नाही. तिनं हात धुतले, पदराला पुसले, मशीनीपुढं बसली, कागद चढवला. "सांगा ओळ." मी चिडून टँकरची जुनी ओळ सांगितली. ती मारायला लागली. मी वेग वाढवला. तीही वाढली. घंटी, ओढ, घंटी, ओढ. आणि नजर कुठं, तर अंगणात. मारता मारताच म्हणाली, "आवो, ती शेळी धुण्याला तोंड लावून राहिली, हाकला तिला."

मी शेळी हाकलली. परत येऊन पायरीवरच बसलो. सुपावरची बोटं आठवली. रिबिनी आठवल्या. उंदरांचा पिंजरा तर अजून मशीनीखालीच होता. सातवी शिकलेली बायको. वीस वर्षं माझ्याबरोबर आहे आणि मी तिला मशीनीची घंटी कशी वाजते हेही कधी दाखवलं नव्हतं. फॉर्मवर तिचं नाव मी लिहिलं, अक्षर चांगलं आलं. ती फॉर्मवर फुंकर घालत उभी राहिली, शाई वाळेपर्यंत.

एका गोष्टीचं श्रेय मात्र घेतो. सांगणारा मीच होतो.

५ जून

आज परीक्षा झाली. सगळं नीट लिहितो.

परीक्षेला आपापली मशीन घेऊन जावं लागतं. आम्ही पहाटे निघायच्या तयारीत. पंचशीला नवं पातळ नेसून आली, भामाबाई सोडायला. मशीनी ओसरीवर झाकण काढून ठेवलेल्या, कारण मी दोऱ्या आणायला आत गेलो होतो. बाहेर येऊन बघतो तर धुरपतामावशी. हातात ताट, निरांजन. नोव्हेंबरपासून आमच्या दारात पाऊल न टाकलेली बाई. दोन्ही मशीनींना हळदकुंकू, मग सिंधूला, आणि मग पंचशीलापुढं थबकल्या. "तुमच्यात कुंकू चालतं का गं?" पंचशीला म्हणाली, "मावशी, नुसता हात ठेवा डोक्यावर." मावशींनी ताट खाली ठेवलं आणि दोन्ही हात तिच्या डोक्यावर ठेवले. म्हणाल्या, "पास हो. गावाचं नाव कर." भामाबाईंनी तोंड वळवून डोळे पुसले. मीही दोरीत गुंतल्याचं निमित्त केलं. मग मावशींनी राहिलेल्या सगळ्या अक्षता मूठभरून मशीनीवर टाकल्या. मायेनं टाकल्या. मी बघितलं, आणि बोललो नाही. अशा वेळी कोण बोलेल?

एस.टी.त मशीनी मांडीवर. कंडक्टर म्हणाला, लेकरांचं अर्धं तिकीट लागंल. सिंधू म्हणाली, "अजून दात यायचे हायत त्येंला." सगळी गाडी हसली.

लातूरला शाळेत परीक्षा. मी व्हरांड्यात उभा, खिडक्या वरच्या, आत दिसत नव्हतं. पण आवाजावरून मला आमच्या दोन्ही मशीनी ओळखू येतात. एकीला घंटी नाही. ती सिंधूनं मुद्दाम स्वतःकडं घेतलेली, चांगली पंचशीलाला दिली होती. सुरुवात छान झाली. दोन्ही पळत होत्या. आणि मग घंटीवाली थांबली. टक करून थांबली. पुन्हा टक, पुन्हा थांबली. अक्षता. मी तिथंच उभ्या उभ्या मावशींना शिव्या घातल्या आणि लगेच परत घेतल्या.

मग बिनघंटीचीही थांबली. खुर्च्या सरकल्याचा आवाज. साहेब काहीतरी बोलले, वेळ वाढवून मिळणार नाही एवढं ऐकू आलं. आणि बिनघंटीची मशीन पुन्हा सुरू झाली. पण आता तिची चाल वेगळी होती. जोरकस, घणाच्या सवयीची. ती पंचशीला होती. शेवटपर्यंत एकच मशीन वाजली.

सुटल्यावर पंचशीला रडत बाहेर आली. "सर, काकूंनी मला उठवलं आणि त्यांच्या जागी बसवलं. मी नको म्हणत होते." मागून सिंधू, केसातली पिन हातात, दुसऱ्या मुठीत चार-पाच तांदळाचे दाणे, कुंकवानं लाल झालेले. "निघाले बगा सगळे," म्हणाली. "शेवटचा निघाला आणि घंटा झाली." तिच्या कागदावर दोनच ओळी होत्या.

स्टँडवर चहा घेतला. मी म्हणलं, सिंधू, तुझा कागद चांगला चालला होता, तू उठलीस का? ती म्हणाली, "दोघींनी अर्धं अर्धं केलं असतं तर दोघी नापास. कुणीतरी एक पास पायजे होतं ना वर्गाला?" मी म्हणलं, वर्ग कुठं राहणार आहे, आपण तर पुण्याला निघालो. तिनं बशी खाली ठेवली. आणि वीस वर्षांत बोलली नाही एवढं बोलली.

"मला पुण्याला जायचं न्हाई. भावाच्या घरी मी पुन्हा भाकरीच थापणार. तिथं नळ हाय, इथं घागर हाय, मला म्हाईत हाय. पण सकाळी तुम्ही ओळ सांगता आणि माझी बोटं चालतात, तेव्हा मला लई बरं वाटतं. लग्नाआधी शाळेत वाटायचं तसं. मी नापास झाले तर होऊ द्या. डिसेंबरात परत परीक्षा हाय. मला बसायचंय."

मी तिचा हात धरला, भर स्टँडवर, लोकांदेखत. बोटांची टोकं शाईनं निळी होती. किती महिने निळी असतील, मी बघितलीच नव्हती. पंचशीला दुसरीकडं बघत होती, शहाणी पोरगी.

गाडीत मी निर्णय घेतला. पुणे रद्द. सिंधूला सांगितलं. "बरं," म्हणाली.

११ जून

आज मुरुडच्या बाजारात आप्पासाहेब भेटले, नांदेडचे व्यापारी. मी आधीच माफी मागायला लागलो. म्हणलं, तुम्हाला बोलावून ठेवलं, पण माझा विचार बदलला, मशीनी द्यायच्या नाहीत. ते गोंधळले. "मी तर चिंचा घ्यायला आलोय, शेषेराव. मशीनींचं पाडव्यालाच कळलं होतं. वहिनींनी कंडक्टरच्या हाती निरोप धाडला होता, येऊ नका म्हणून."

पाडवा म्हणजे एप्रिलच्या मधला. तेव्हा फॉर्म भरला नव्हता, परीक्षा नव्हती, काहीच नव्हतं.

घरी आलो. पंचशीला दगड फोडून येऊन ओसरीवर बसलेली, तिच्याबरोबर भीमनगरातल्या आणखी दोन पोरी आणि धुरपतामावशींची नात. सिंधू त्यांना बोटं कुठं ठेवायची ते दाखवत होती. धुरपतामावशी आमच्या माठातलं पाणी पीत सुपापाशी बसल्या होत्या. बाईमाणूस म्हणून.

मी सिंधूला बाजूला घेऊन विचारलं, आप्पासाहेबांना तू निरोप धाडलास?

"मी कशाला धाडू?" ती म्हणाली. "घरातले निर्णय तुम्हीच घेता की. बसा खुर्चीत, पोरी थांबल्यात. ओळ सांगा."

मी बसलो आणि ओळ सांगितली.